न धुतलेला उजवा हात

दोहात बूट झटकले की वाळू पडते. आज झटका, उद्या पुन्हा पडते. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच आहे. ते कुणी जमवत नाही; ही माणसं घराबाहेर पडली की आपोआप साठतात! गेल्या ईदच्या सुट्टीत आम्ही सहा जण स्पेनला, बार्सिलोनाजवळच्या मोन्सेरात नावाच्या डोंगरावरचा जुना मठ बघायला गेलो होतो. ट्रिप चार दिवसांची, सांगून मात्र अजून संपत नाहीये.

आधी ग्रुप सांगते. आमचे बाबा, मूळ नाशिकचे, रास लफानला गॅस प्लँटवर शटडाउनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवायचं, प्लॅनिंग करतात. बर्वे काका-काकू पुण्याचे, मदिनत खलीफातल्या व्हिलात राहतात आणि तिथून अख्ख्या दोहाला सल्ले देतात. मुकादम चाचा रत्नागिरीचे, त्यांचं एसीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मार्था मावशी वसईची, एकोणतीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. आणि मी, ऋचा. मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं. 'ब्रेक घेतलाय' नाही, सोडलं. हे वाक्य बाबा अजून शेवटपर्यंत ऐकून घेत नाहीत.

* * *

कुठे जायचं याची मीटिंग बर्वे काकांकडे होती. काकांना स्वित्झर्लंड हवं होतं. ते तिथे दोनदा जाऊन आलेत, त्यामुळे तिथे त्यांना गाइड होता येतं.

मार्था मावशी एरवी काही मागत नाही. डबा आणते, सगळ्यांचं बीपी मोजते, घरी जाते. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "मला मोन्सेरातला जायचंय. पुढच्या महिन्यात मी कायमची वसईला चालले. मग मला कोण नेणार?"

गोष्ट अशी की मावशीची आई नव्वदीला टेकलीय. आम्ही सगळे तिला आजीच म्हणतो. सध्या व्हिजिट व्हिसावर दोहाजवळ अल वक्र्याला लेकीकडे आहे. गुडघे गेले, डोळे जवळजवळ गेले, जीभ शाबूत. लग्नाच्या वयात आजीला तीन घरांनी काळी म्हणून नाकारलं. त्याच वर्षी त्यांच्या घरी चर्चमधून एक कॅलेंडर आलं, त्यावर मोन्सेरातची मारियामाता. लाकडाची, काळीभोर, मांडीवर बाळ, उजव्या हातात एक गोल. आजीने भर पाहुण्यांत विचारलं होतं म्हणे, "देवाला आई काळी चालते, आणि ह्यांना सून चालत नाय?"

मूर्ती काचेच्या आड असते, पण तो हातातला गोल तेवढा काचेबाहेर ठेवलाय. लोक रांगेने जाऊन त्याला हात लावतात. आजीचं लेकीला एकच सांगणं होतं : "मला काय डोंगर चढवणार नाय. तू उजवा हात लाव, आणि तो हात तसाच, न धुता, माझ्या हातात आणून दे."

"तसं बघायला गेलं तर हे अंधश्रद्धेत मोडतं," बर्वे काका म्हणाले.

"तसं बघायला गेलं तर तुमच्या व्हिलाच्या दारावर काळी बाहुली लटकतेय," मी म्हणाले.

काकूंनी चहा आणायच्या निमित्ताने खोली सोडली. मुकादम चाचांनी निकाल दिला, "मरियमबीबीचं ठिकाण हाय ना? मग इचारायचं काय त्याच्यात! यल्ला, चला, तिकिटं काढा."

बुकिंग माझ्याकडे आलं. "ही रिकामीच आहे," बाबा म्हणाले.

* * *

व्हिसाच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा एक रकाना होता. त्या एका रकान्यावर आमच्याकडे दोन संध्याकाळी चर्चा झाली.

"स्टुडंट लिही," बाबा म्हणाले.

"मी स्टुडंट नाही."

"'इंडिपेंडंट रिसर्चर' लिही," बर्वे काका फोनवर म्हणाले. "भारदस्त वाटतं."

काकू मागून ओरडल्या, "गृहिणी लिही गं! आई नाशिकला आहे तोवर घर तूच बघतेस ना?"

"मी घर बघत नाही काकू, मी घरात असते!"

शेवटी मी सरळ 'बेरोजगार' लिहिलं आणि सही केली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच बोलले, "तुझ्यामुळे सगळ्यांचे व्हिसा अडकणार."

सगळ्यांत पहिला व्हिसा माझा आला! अडकला तो बर्वे काकांचा. त्यांच्याकडे जादा कागद मागितले, कारण त्यांनी त्या रकान्यात चार व्यवसाय लिहिले होते.

* * *

बाबांनी ट्रिपचा प्लॅन प्लँटच्या शटडाउनसारखाच केला. रंगीत चार्ट, मिनिटामिनिटाचा. लाल रंगात एकच ओळ : 'साडेबारा – गोलाला हात.' तो आमच्या तिकिटावरचा स्लॉट होता आणि त्या दिवसाचे पुढचे सगळे स्लॉट संपलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान. म्हणजे मार्था मावशीसाठी साडेबारा नाही तर कधीच नाही.

डोंगरावर जायचे दोन रस्ते आहेत. ट्रेनने एका स्टेशनला उतरून केबल कार घ्यायची, नाहीतर पुढच्या स्टेशनला उतरून दातेरी रुळावरची छोटी गाडी. आमची तिकिटं छोट्या गाडीची. हे बाबांनी हॉटेलात दोनदा आणि ट्रेनमध्ये एकदा समजावलं.

ट्रेन पहिल्या स्टेशनवर थांबली. खिडकीतून डोंगर दिसला, करवतीसारखा, आणि त्याला लोंबणारी पिवळी केबल कार. बर्वे काका उठले. "हेच ते! यल्ला!" म्हणाले आणि उतरले. त्यांच्यामागे काकू, काकूंची बॅग घेऊन चाचा, "अहो हे नाही!" ओरडत बाबा, आणि बाबांना परत आणायला आम्ही दोघी. दारं बंद झाली. ट्रेन गेली. पुढची तासाने!

बाबांनी चार्टमध्ये पावसाचा धोका धरला होता, संपाचा धरला होता. बर्वे धरले नव्हते.

मग नवी तिकिटं काढून केबल कार. मधोमध आल्यावर वारा आला आणि डबा हलायला लागला. मार्था मावशी रोझरीचे मणी ओढायला लागली. चाचा ओठातल्या ओठात दुआ म्हणत होते. आणि सगळ्यांच्या वरताण एक खणखणीत आवाज येत होता. अंधश्रद्धेचे कट्टर विरोधक बर्वे काका डोळे गच्च मिटून, दांडा धरून, अख्खं मारुतीचं स्तोत्र म्हणत होते!

वर पोचल्यावर ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "पाठांतर तपासत होतो."

* * *

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही चर्चच्या अंगणात पोचलो. वर सरळसोट खडक, त्यांच्या कुशीत तो मठ, आणि आत कुठेतरी ऑर्गन वाजत होता. मला देवाबिवाशी काही घेणं नाही, पण दोन मिनिटं मी गप्प होते. ग्रुपमध्ये ही बातमी झाली.

तेवढ्यात आमच्या मंडळींनी बूट काढले.

कुणी कुणाला सांगितलं नाही. देवाचं दार दिसलं, पाय आपोआप मोकळे! बाबा, काका, काकू, तिघांनी भिंतीशी चपला-बूट ओळीत लावले. चाचांनीही काढले आणि म्हणाले, "तुम्ही जावा, मी हितं ध्यान ठेवतो." फक्त मार्था मावशीच्या पायात बूट होते, कारण चर्चमध्ये बूट काढत नाहीत हे तिला जन्मापासून माहीत. आणि माझ्या, कारण मी कुठेच काढत नाही.

बाजूच्या दाराशी रांग होती. बारा पंचवीसला आमचा नंबर आला. तिकीट बघणाऱ्या बाईंनी तिकिटं बघितली, मग खाली तीन अनवाणी जोड्या बघितल्या. अगदी गोड हसून त्यांनी खुणेने सांगितलं : पायात घालून या.

तिघं पळत परत गेले. भिंतीशी चाचा उभे होते आणि त्यांच्यापुढे बुटांचा डोंगर! आमचे चार जोड बघून एका मोठ्या टूरिस्ट ग्रुपला वाटलं, इथली हीच पद्धत असणार. त्यांनी काढले. त्यांचे बघून आणखी कुणीतरी. चाचांनी मशिदीबाहेर लावतात तसे ते शिस्तीत लावायला घेतले होते, मापाप्रमाणे.

"माझा कुठाय?" बर्वे काका.

"नंबर काय तुमचा?" चाचा.

"आठ!"

"आठाची रांग तिकडे. पन युरोपचा नंबर येगळा असतो हां."

मी दारातून बघत होते. बाबांच्या एका पायात बूट होता, दुसरा सापडत नव्हता. त्यांनी घड्याळ बघितलं, चार्ट बघितला, आणि तिथूनच हात हलवून ओरडले, "तुम्ही जा! मार्थाला घेऊन जा!"

शटडाउनमध्येही असंच करतात म्हणे. माणसं अडकली तरी चालतात, काम पुढे गेलं पाहिजे.

* * *

आता हे जरा नीट ऐका.

आत लांब जिना होता. मावशी एकेक पायरी चढत होती आणि उजवा हात तिने छातीशी असा धरला होता, जसं काही त्यात आधीच काहीतरी आहे. वर गेलो. समोर मारियामाता. कॅलेंडरमधली, पण खरी. छोटीशी, ताठ, कुणाला न घाबरणारी. मावशीने गोलावर हात ठेवला. डोळे मिटले. मागची रांग थांबली, कुणी कुरकुर केली नाही. तिने हात काढला आणि मला म्हणाली, "तू पण लाव."

"मला नको."

"लाव गं बाय, एवढी चढलीस."

मागे चाळीस माणसं खोळंबलेली, तिथे वाद कुठे घालणार? मी उजवा हात लावला आणि पुढे सरकले.

जिना उतरून आम्ही बाहेर आलो. भिंतीला लागून रंगीबेरंगी मेणबत्त्यांच्या रांगा. मावशीचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तिने एक मोठा श्वास घेतला, पर्सला लटकवलेली सॅनिटायझरची बाटली पुढे ओढली, तळहातावर दोनदा दाबली आणि हात चोळले. तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं. एकही स्टेप सोडली नाही!

एकोणतीस वर्षं ऑपरेशन थिएटर. परक्या वस्तूला हात लागला की हात निर्जंतुक. डोक्याला विचारायचंच नाही.

मग ती थांबली. हात हवेतच राहिले. ते हळूहळू वाळत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"ऋचा," ती म्हणाली, "मी काय केलं गं हे?"

मी धावत तिकिटाच्या खिडकीशी गेले. आज काही शिल्लक नाही. मी विनवलं, खिडकीतली मुलगी खरंच कळवळली, पण तिच्या पुढच्या स्क्रीनवर सगळे चौकोन भरलेले होते. परत आले तर मावशी कट्ट्यावर बसली होती. मला वाटलं रडत असेल. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"तू लावलास ना हात?"

"हो."

"कुठला?"

"उजवा."

"कशाला लावलास नंतर? कठडा? केस? फोन?"

"फोन डाव्या हातात होता."

तिने पर्समधून एक पांढरा ग्लोव्ह काढला आणि सर्जनला घालतात तसा, सफाईने, माझ्या हातावर चढवला.

* * *

काकूंचं वेगळंच दुःख. त्या ओटी घेऊन आल्या होत्या! खण, तांदूळ, हळद-कुंकू, आणि दोहाहून आणलेला नारळ. "देवी आहे, रिकाम्या हाताने जाऊ?" असं त्यांचं म्हणणं. पण चपला सापडेपर्यंत वेळ टळली, आत जाताच आलं नाही. आता ही ओटी घेऊन परत जायचं म्हणजे घोर अपशकुन.

वाटेवर गावातल्या बायका ताजं चीज आणि मध विकायला बसतात. त्यात एक ऐंशीच्या आजीबाई होत्या. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "शेवटी मातेच्या गावची बाई. हिचीच भरते."

त्यांनी बाईंना कुंकू लावलं. बाई हसल्या. खण दिला. बाईंनी गालाला लावून बघितला. मग काकूंनी ओंजळीने तांदूळ घातले आणि वर नारळ ठेवला. बाईंनी नारळ हातात घेतला, कानाशी हलवला, आणि शांतपणे तराजूत टाकला!

"अगंबाई! ओटीचं कुणी वजन करतं का!" काकू किंचाळल्या.

बाईंनी वजन बघितलं, मनाशी काहीतरी जुळवलं, आणि तेवढ्याच वजनाचं चीज कागदात बांधून काकूंच्या हातात दिलं. वर मधाची बारकी बाटली.

काकू भारावल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "प्रसाद दिला."

* * *

ग्लोव्ह घालून दीड दिवस काढणं म्हणजे काय, ते मला विचारा. एरवी डाव्या हाताने ताटातला पापड उचलला तरी ही मंडळी डोळे वटारतात. आता मी सगळ्यांसमोर डाव्या हाताने जेवत होते आणि बर्वे काकू स्वतः माझा पाव तोडून देत होत्या. बाबांनी माझी बॅग उचलली. काकांनी माझ्यासाठी दारं उघडली. वर्षभर 'हिचं काय होणार' असं म्हणणाऱ्या माणसांनी मला काचेच्या बरणीसारखं सांभाळलं!

विमानात काकांनी एक योजना मांडली. "आजींना दिसत नाही. मार्थाने मागे उभं राहून बोलायचं आणि हात ऋचाने द्यायचा. म्हातारीला कळणारसुद्धा नाही. उगाच कशाला तिचा विरस करा?"

सगळ्यांना पटलं. बाबांनाही. "अशा वेळी थोडं चालतं," ते म्हणाले. मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल याच माणसाने उठाबशा काढायला लावल्या होत्या.

मार्था मावशी खिडकीतून बाहेर बघत राहिली.

* * *

एअरपोर्टवरून सरळ अल वक्र्याला गेलो, बॅगांसकट. चार दिवस शेजारणीवर सोपवलेली आजी खुर्चीत बसली होती. एसी बंद, पंखा चालू, खिडकीत ऊन.

"आई, आले गं," मावशी म्हणाली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी ग्लोव्ह काढला आणि हात पुढे केला.

आजीने तो दोन्ही हातांत घेतला. अंगठा चाचपला. तळवा चाचपला.

"लावला गं आई, गोलाला," मागून मावशी म्हणाली. आवाज फाटला.

"हा तुझा हात नाय," आजी म्हणाली.

बर्वे काका खोकले. बाबांनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. म्हणून मी बोलले.

"आजी, मी ऋचा. मावशीने हात लावला होता, पण खाली आल्या आल्या सॅनिटायझरने धुतला. सवयीने. मी पण लावला होता, तो हा हात. मी धुतलेला नाही."

आजीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, खलास! पण ती हसत होती.

"सॅनिटायझर!" ती म्हणाली. "अरे देवा! माझ्या पोटात होती तेव्हापासून हात धुते ही!"

मावशी एकदम रडायला आणि हसायला लागली, दोन्ही एकत्र. आजीने माझा हात आपल्या डोळ्यांवर धरला, मग गालांवर.

"कसा होता गं गोल?"

"गुळगुळीत. गार."

"आणि ती? काळी हाय?"

"काळी. तुमच्यासारखी."

काकूंनी जीभ चावली. आजी मात्र खुर्चीत सावरून बसली, लग्नाच्या फोटोला बसतात तशी.

मग तिने माझं मनगट पकडलं आणि काम सुरू केलं. आधी स्वतःचा उजवा गुडघा, मग डावा. मग लेकीला खाली बसवून तिच्या डोक्यावर. मावशी उठेचना, तिला ढकलावं लागलं. काकू लगबगीने पुढे आल्या, त्यांची पाठ. त्यांच्यामागे, तसं बघायला गेलं तर अंधश्रद्धा न मानणारे काका, बीपीसाठी.

"चाचा?" आजीने विचारलं.

"आमचं राहू द्या आजी," चाचा म्हणाले. "पन त्या एसीला लावा. तीन येळा उघडला मी, दाद देत नाय."

आजीने मला एसीपाशी पाठवलं. मी हात लावला. चाचांनी बटण दाबलं. एसी सुरू झाला! सगळे टाळ्या वाजवायला लागले. चाचा माझ्या कानात पुटपुटले, "ट्रिपला निघायच्या आदल्या दिवशी कॅपेसिटर बदललावता, मग कुनी चालू करून बघितलाच नाय. कुनाला सांगू नको."

"दारात कोण उसासे टाकतंय?" मी खुर्चीशी परत आल्यावर आजीने विचारलं.

"माझे बाबा."

"त्यांना काय होतंय?"

"मला काही नाही हो," बाबा बॅगांपाशी उभे राहून म्हणाले. "मी ठीक आहे."

"ठीक माणूस असा श्वास घेत नाय. या इकडे. वाका."

बाबा आले. वाकले. आजीने माझं मनगट उचललं आणि माझा हात त्यांच्या टकलावर ठेवला.

किती वेळ ठेवायचा असतो, मला माहीत नव्हतं. मी काढला नाही. त्यांनीही डोकं काढलं नाही.

"झालं?" थोड्या वेळाने आजी म्हणाली. "आता जा बाय, साबणाने धू तो हात. दोन दिवसांचा वास मारतोय!"